शोधात न सापडलेले वचन : संगणकीय तिपिटकातील पदावली-शोध व त्यातील दोष

‘हे वचन मूळ पालीत कोठे आहे?’ हा प्रश्न धम्मग्रंथांच्या अभ्यासकाला पदोपदी पडतो. पूर्वी त्याचे उत्तर शोधण्यासाठी शब्दसूच्या, अट्ठकथा आणि स्वतःचे पाठांतर यांवाचून दुसरे साधन नव्हते. आज संपूर्ण तिपिटक संगणकावर उपलब्ध आहे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या छट्ठ संगायनाचा पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापला, तसाच संगणकीय रूपातही सर्वांना मोकळा करून दिला. अन्य परंपरांचे पाठही आता घरबसल्या पाहता येतात. ही सोय फार मोठी आहे, यात शंका नाही.

तथापि या सोयीबरोबर एक नव्या प्रकारचे विधान रूढ होऊ लागले आहे : ‘संगणकावर शोधले, असे वचन तिपिटकात नाही.’ प्रवचनातील एखाद्या उद्धृताविषयी, एखाद्या अनुवादाविषयी, इतकेच नव्हे तर परमपूज्य बाबासाहेबांच्या ग्रंथातील एखाद्या उताऱ्याविषयीही असे विधान सहज केले जाते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात वचनागणिक पाली संदर्भ दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवादाच्या निमित्ताने मूळ आधार शोधण्याचे परिश्रम घेतले. पुढे १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या ग्रंथाच्या पाली व अन्य आधारांचा पुरवणी खंड प्रसिद्ध केला. एकेका आधारासाठी ग्रंथामागून ग्रंथ धुंडाळावे लागतात, हे ज्यांनी असे काम केले त्यांना ठाऊक असते. म्हणूनच एका क्षणात आलेल्या ‘शून्य नोंदी’ या उत्तराची किंमत नेमकी किती, हे तपासणे अगत्याचे आहे. शोध कोणत्या कारणांनी फसतो आणि फसला असता काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. यंत्र ग्रंथ वाचत नाही

आपण शब्द टंकित करतो, तेव्हा संगणक तिपिटकाची पाने चाळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः शोध घेणारे सॉफ्टवेअर आधीच एक सूची तयार करून ठेवते. ते संहितेचे शब्दांत तुकडे करते आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या ग्रंथात, कितव्या स्थानी आला हे नोंदवते. पुढे प्रत्येक पृच्छेचे उत्तर या सूचीतून दिले जाते.

‘पदावली’ म्हणजे ठरावीक क्रमाने येणारे दोन वा अधिक शब्द. पदावली अवतरणचिन्हांत घालून शोधली, की सॉफ्टवेअर त्यातील प्रत्येक शब्द सूचीत पाहते आणि त्यांची स्थाने लागोपाठची आहेत काय, हे तपासते. याचा अर्थ असा की, शोध यशस्वी होण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात : वर्णांचे संकेत, शब्दांच्या सीमा, शब्दांची स्थाने आणि स्वतः संहितेतील पाठ. यांपैकी कोणतीही एक चुकली, तरी उत्तर शून्य येते. आणि नेमके काय चुकले, हे यंत्र सांगत नाही.

२. एकच वर्ण, अनेक संकेत

संगणक अक्षराची आकृती ओळखत नाही. त्यामागील क्रमांक ओळखतो. १९९० च्या दशकात आपल्याकडील अनेक नियतकालिके व पुस्तके ज्या देवनागरी फाँटांत जुळवली गेली, त्यांत प्रत्येक उत्पादकाचे संकेत निराळे होते. पडद्यावर ‘धम्म’ दिसत असले, तरी आत भलतीच रोमन चिन्हे साठवलेली असत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु तिचा वापर मराठी मुद्रणात रुळण्यास बराच काळ लागला. अशा जुन्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय त्यांत कोणताही शोध चालत नाही, आणि रूपांतर करताना जोडाक्षरे हमखास बिघडतात.

युनिकोडमध्येही सर्व प्रश्न सुटत नाहीत. रोमन लिपीतील पालीचा दीर्घ ‘आ’ एका क्रमांकाने लिहिता येतो, तसाच ‘ए’ हे रोमन अक्षर व त्यावरील आडवी रेघ अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र भिन्न. हा भेद युनिकोडच्या प्रमाणीकरणाने दूर होतो. निग्गहिताचे तसे नाही. काही संहितांत ते रोमन ‘एम’ खाली बिंदू देऊन लिहितात, काहींत वर बिंदू देऊन. ही दोन स्वतंत्र अक्षरे असल्यामुळे प्रमाणीकरण त्यांना एक करीत नाही. त्यासाठी अभ्यासकाने स्वतः नियम करून द्यावा लागतो.

देवनागरीतील समांतर अडचण आपल्या अधिक परिचयाची आहे. मराठी वाचक ‘संघ’ लिहितो. पाली संहितेत ‘सङ्घ’ असते. ‘पंच’ आणि ‘पञ्च’, ‘खंध’ आणि ‘खन्ध’ यांचेही तसेच. पदावलीत असा एक जरी शब्द असला, तरी संपूर्ण पदावली निसटते. जोडाक्षराचे रूप राखण्यासाठी टंकलेखकाने मध्ये घातलेली अदृश्य जोडचिन्हेही स्वतंत्र क्रमांक म्हणूनच मोजली जातात.

३. शब्दाची सीमा

दुसरा दोष शब्दाचे तुकडे पाडण्यात असतो. काही जुनी सॉफ्टवेअरे इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली असल्यामुळे देवनागरी मात्रा व हलन्त यांना अक्षर मानत नाहीत आणि शब्द मात्रेवरच तोडतात. अशा सूचीत ‘बुद्ध’ हा शब्द अखंड सापडणे शक्यच नसते. रोमन संहितेला इंग्रजीचे नियम लावले, तर आणखी एक गंमत घडते. इंग्रजीतील ‘नो’ हा शब्द निरर्थक भरतीचा म्हणून कित्येकदा सूचीतून वगळलेला असतो. पालीत मात्र ‘नो’ म्हणजे ‘आम्हांस, आमचे’ किंवा ‘नाही’. म्हणजे निषेधच सूचीतून गळून पडतो!

याहून महत्त्वाचा प्रश्न समासाचा. आपल्या सर्वांच्या ओठांवर असलेले वचन आपण ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ असे चार शब्दांत लिहितो. विनयाच्या महावग्गात ते ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ असे दोन शब्दांत आहे. चार शब्दांची पदावली यंत्राला दिली, की ते सूचीत ‘बहुजन’ हा सुटा शब्द शोधते, त्याच्या लगतच्या स्थानी ‘हिताय’ शोधते आणि रिकाम्या हाताने परत येते. ज्या वचनावर भिक्खुसंघाच्या चारिकेचा पाया उभा आहे, ते वचन ‘तिपिटकात नाही’ असे उत्तर केवळ दोन मोकळ्या जागांमुळे मिळू शकते. त्रुटी संहितेत नाही, वचनातही नाही; ती पृच्छेत आहे.

संधीमुळेही सीमा हलतात. ‘एवं’ आणि ‘एतं’ मिळून ‘एवमेतं’ होते. उद्धृताच्या शेवटी येणारा ‘ति’ मागील शब्दाला चिकटतो आणि ऱ्हस्व स्वर दीर्घ करतो. ‘गच्छामि’ हे ‘गच्छामीति’ होते. काही छापील पाठांत मध्ये लोपचिन्हही येते. पालीत संवाद विपुल असल्यामुळे ही रूपे पानोपानी आढळतात.

४. ‘जवळपास’ शब्दाचे दोन अर्थ

तंतोतंत शोध फसला, की अभ्यासक ‘अदमासे शोध’ हा पर्याय निवडतो. येथे मोठा गोंधळ होतो, कारण ‘जवळपास’ या शब्दाचे यंत्राच्या दृष्टीने दोन अगदी वेगळे अर्थ आहेत.

पहिला अर्थ स्थानांच्या जवळिकीचा. महावग्गातील त्याच ठिकाणी ‘चरथ’ आणि ‘चारिकं’ या शब्दांच्या मध्ये ‘भिक्खवे’ हे संबोधन येते. त्यामुळे ‘चरथ चारिकं’ अशी तंतोतंत पदावली सापडत नाही. मध्ये एका शब्दाची मुभा दिली, की सापडते. पालीत अशी संबोधने वाक्याच्या पोटात वारंवार येत असल्याने ही मुभा अत्यंत उपयुक्त आहे. शब्दांचा क्रम उलटा झाला असेल, तर मात्र एकाची मुभा पुरत नाही. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये रचलेली आणि आज असंख्य संकेतस्थळांच्या मुळाशी असलेली ‘ल्युसीन’ ही शोधप्रणाली घेतली, तर लगतच्या दोन शब्दांची अदलाबदल झाल्यास किमान दोनाची मुभा द्यावी लागते.

दुसरा अर्थ वर्णांच्या जवळिकीचा. यात शब्दाच्या लेखनात एखाद-दुसऱ्या वर्णाचा फरक चालवून घेतला जातो.

ल्युसीनच्या मूळ पृच्छाभाषेत या दोन्हींसाठी टिल्ड ही एकच नागमोडी खूण वापरतात. ती सुट्या शब्दानंतर लिहिली, तर वर्णांची मुभा मिळते. अवतरणचिन्ह बंद झाल्यावर लिहिली, तर स्थानांची मुभा मिळते. आणि अवतरणचिन्हांच्या आत शब्दाला जोडून लिहिली, तर वर्णांची मुभा मिळतच नाही. तिच्यावर आधारित ‘इलॅस्टिकसर्च’मध्येही साध्या पदावली-शोधाला वर्णांची मुभा देण्याची सोय नाही. अभ्यासक समजतो की आपण लेखनभेदांसह पदावली शोधली; यंत्राने मात्र तिचे लेखन तंतोतंतच मानलेले असते. ‘अदमासे पदावली सापडत नाही’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे मूळ आहे. दोन्ही मुभा एकत्र हव्या असल्यास संमिश्र पदावलीसाठी असलेला निराळा पृच्छाप्रकार वापरावा लागतो, किंवा प्रत्येक लेखनभेद स्वतंत्रपणे शोधावा लागतो.

५. वर्णांचे अंतर व अर्थाचे अंतर

दोन शब्द किती जवळचे, हे यंत्र कसे ठरवते? सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेली रीत येथे वापरतात. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती वर्ण बदलावे, घालावे वा गाळावे लागतात, ती संख्या म्हणजे त्यांतील अंतर. ल्युसीनमध्ये हे अंतर जास्तीत जास्त दोन ठेवता येते.

आता ही मोजणी देवनागरी पालीला लावून पाहू. मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सारे स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात, हे ध्यानात ठेवावे. ‘संघ’चे ‘सङ्घ’ करण्यासाठी अनुस्वाराचा ‘ङ’ करावा लागतो आणि हलन्त घालावा लागतो. म्हणजे अंतर दोन. ‘धम्म’चे ‘कम्म’ करण्यासाठी केवळ पहिला वर्ण बदलावा लागतो. म्हणजे अंतर एक. ‘धम्म’ आणि ‘घम्म’ यांतही एकच. आणि ‘घम्म’ म्हणजे उष्मा, हा पालीतील खराखुरा शब्द आहे. याचा अर्थ असा की, यंत्राच्या लेखी ‘धम्म’ व ‘कम्म’ हे ‘संघ’ व ‘सङ्घ’ यांच्यापेक्षा अधिक जवळचे आहेत! इलॅस्टिकसर्चमधील स्वयंचलित मुभा तीन ते पाच वर्णांच्या शब्दाला एकच बदल देते. अशा वेळी ‘संघ’ शोधणाऱ्याला ‘सङ्घ’ मिळत नाही, आणि ‘धम्म’ शोधणाऱ्याला मात्र ‘कम्म’ व ‘घम्म’ आग्रहाने पुढे केले जातात.

‘गच्छामि’ व ‘गच्छामीति’ यांतील अंतर दोन, म्हणजे अगदी काठावर. मध्ये लोपचिन्ह असल्यास तीन, म्हणजे मर्यादेबाहेर. शिवाय इलॅस्टिकसर्चसारख्या यंत्रणा अदमासे जुळणाऱ्या शब्दांपैकी मूळ मांडणीनुसार पन्नासच विचारात घेतात. पालीसारख्या विभक्तिबहुल भाषेत ही संख्या लवकर संपते आणि हवे असलेले रूप बाहेरच राहू शकते.

वर्णांची मुभा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. छायाचित्रित पुस्तकांतून यंत्राने ओळखलेल्या संहितेत ‘ध’चा ‘घ’, ‘म’चा ‘भ’, ‘ब’चा ‘व’ झालेला असतो. तेथे ती उपयोगी पडते. परंपरांतील पाठभेदांतही ती मदत करते : बर्मी पाठात ‘वीरिय’, ‘ब्यञ्जन’, ‘पथवी’ असते, तर १८८१ मध्ये स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या पाठात ‘विरिय’, ‘व्यञ्जन’, ‘पठवी’. मात्र सैल शोधातून आलेल्या नोंदींची नुसती संख्या कधीही प्रमाण मानू नये. प्रत्येक नोंद उघडून वाचावी. हिंदीसाठी रचलेले विश्लेषक पालीला लावणे तर विशेष धोक्याचे. ते दीर्घ ‘ई’चा ऱ्हस्व ‘इ’ करून टाकतात, आणि मग स्मृतिवाचक ‘सति’ व स्त्रीवाचक ‘सती’ एकाच खणात पडतात.

६. जे यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे

सर्व संकेत जुळले, सीमा जुळल्या, मुभाही योग्य दिली, तरी काही वचने सापडणार नाहीत, कारण ती त्या शब्दांत छापलेलीच नसतात. तिपिटकातील पुनरुक्त भाग ‘पे’ असे लिहून संक्षेपाने दर्शवतात. यालाच ‘पेय्याल’ म्हणतात. त्या सुत्तात ते वचन आहे, पाठ करणारा भिक्खू ते उच्चारतो, पण मुद्रित संहितेत त्या जागी केवळ ‘पे’ आहे. म्हणून एखादी पदावली किती सुत्तांत येते, याची यंत्राने दिलेली संख्या नेहमीच कमी असण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार लोकप्रचलित रूपांचा. ‘अत्त दीपो भव’ हे शब्द आपल्या विहारांच्या भिंतींवर कोरलेले दिसतात. महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांचा हाच उपदेश ‘अत्तदीपा विहरथ’ अशा बहुवचनी रूपात आहे. ‘दीपो’ व ‘दीपा’ यांत एका वर्णाचा फरक. परंतु ‘भव’ व ‘विहरथ’ यांतील अंतर पाच. कोणतीही वर्णमुभा एका क्रियापदापासून दुसऱ्या क्रियापदापर्यंत पोहोचवू शकत नाही. येथे यंत्राचे शून्य हे शब्दरचनेविषयीचे उत्तर आहे, उपदेशाविषयीचे नव्हे. मराठी वा इंग्रजी वाक्याचे स्वतः पालीत रूपांतर करून शोधणाऱ्याला हा अनुभव पुन्हा पुन्हा येईल. बाबासाहेबांनी अनेक ठिकाणी मूळ सुत्ताचा आशय आपल्या शब्दांत मांडला आहे. त्याचा माग पदावलीने नव्हे, तर प्रसंग, व्यक्ती, स्थान व विषय यांच्या आधारे काढावा लागतो.

७. शोध निष्फळ ठरल्यास

अशा वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो.

पहिली पायरी, ज्ञात वचनाने यंत्राची परीक्षा घ्यावी. ज्याचे स्थान आपणांस निश्चित ठाऊक आहे, असे वचन आधी शोधावे. तेच सापडले नाही, तर दोष यंत्रात वा संकेतांत आहे. अज्ञात वचनाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.

दुसरी, पदावली मोडून एकेक शब्द शोधावा. जो शब्द एकटाही सापडत नाही, तेथेच गाठ आहे. त्याचे अनुस्वार, परसवर्ण, ऱ्हस्व-दीर्घ, ‘ब’-‘व’, ‘ळ’-‘ल’ बदलून पाहावेत. अक्षरे संहितेतून उचलून पृच्छेत चिकटवली असता अदृश्य भेद उघडे पडतात.

तिसरी, मोकळ्या जागा काढून सामासिक रूप द्यावे आणि शब्दाचा केवळ आरंभ देऊन पुढे तारांकनासारखी सर्वसमावेशक खूण ठेवावी. त्यामुळे विभक्ती, समास व ‘ति’ यांचे अडथळे बरेच कमी होतात.

चौथी, सर्व शब्द एकेकटे सापडले, पण एकत्र नाहीत, तर प्रथम स्थानांची मुभा एक, दोन, पाच अशी वाढवावी. वर्णांची मुभा त्यानंतर, आणि शक्य तोवर दीर्घ शब्दांनाच द्यावी.

पाचवी, एकाच परंपरेच्या पाठावर थांबू नये. किमान दोन पाठ पाहावेत.

ज्या संस्था स्वतःचा संग्रह शोधक्षम करू इच्छितात, त्यांनी दोन सूच्या कराव्यात : एक काटेकोर, दुसरी सैल. सैल सूचीत वर्गीय व्यंजनापूर्वीच्या ‘ङ्’, ‘ञ्’, ‘ण्’, ‘न्’, ‘म्’ यांचा अनुस्वार करावा आणि अदृश्य चिन्हे काढावीत; मात्र ‘धम्म’, ‘अञ्ञ’, ‘पुण्ण’ यांतील द्वित्त अनुनासिकांना हात लावू नये. तीन-तीन वर्णांचे तुकडे करून केलेली सूचीही समास व संधी यांवर चांगला उपाय आहे. तिचा आकार वाढतो आणि निरर्थक नोंदीही वाढतात, एवढी किंमत द्यावी लागते. हे सर्व नियम संहितेला व पृच्छेला सारखेच लावले पाहिजेत, आणि नियम बदलल्यावर सूची नव्याने बांधली पाहिजे. पुष्कळदा नियम बदलला जातो, सूची जुनीच राहते, आणि सुधारणा करूनही शून्यच येत राहते.

८. निष्कर्षाची शिस्त

महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखादे वचन भगवंतांचे म्हणून कोणी पुढे ठेवले, तर ऐकताक्षणी त्याचे अभिनंदन करू नये आणि त्याचा धिक्कारही करू नये. त्याची पदे व व्यंजने नीट समजून घ्यावीत, ती सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावीत आणि मगच ठरवावे, अशी ती शिकवण आहे. पदे नीट समजून घेणे ही पायरी तेथे आधी येते, ताडून पाहणे नंतर. संगणकीय शोधात हा क्रम उलटण्याचा मोह होतो : पदे न समजता ताडून पाहिले जाते आणि लगेच निर्णय दिला जातो.

म्हणून ‘हे वचन तिपिटकात नाही’ असे लिहिण्यापूर्वी अभ्यासकाने कोणता पाठ पाहिला, पदावली कोणत्या लेखनात दिली, शब्दांची व वर्णांची मुभा किती ठेवली, कोणते पर्याय तपासले, हे नमूद करावे. एवढे नमूद केले, की ‘अमुक पाठात, अमुक रूपांत हे वचन आढळले नाही’ असे मर्यादित पण भक्कम विधान हाती राहते, आणि पुढील अभ्यासकाला त्यापुढे जाता येते. न सापडणे ही शोधाविषयीची नोंद आहे. नसणे हा ग्रंथाविषयीचा निर्णय आहे, आणि तो देण्यासाठी ग्रंथ वाचावाच लागतो.